डिस्क बदलण्याआधी वायर पाहा

लहान कचेऱ्या, शाळा, दवाखाने आणि पतसंस्था आता स्वतःचा सर्व्हर ठेवू लागल्या आहेत. तो सांभाळणारी व्यक्ती बहुधा मूळची हिशेबनीस, शिक्षक किंवा ग्रंथपाल असते. एखादी डिस्क दिसेनाशी झाली की लगेच नवी मागवली जाते, कारण दोष डिस्कचाच असणार असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. डिस्कपर्यंत दोन वायरी जातात, एक डेटाची आणि एक विजेची. या दोघींकडे डिस्कइतक्याच गांभीर्याने पाहिलं, तर पुष्कळ खर्च वाचतो आणि त्याहून मोठा मनस्ताप टळतो. या अंकासाठी पत्रं निवडताना हेच मनात होतं.

शंका : आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरमध्ये चार डिस्कचा रेड ५ संच आहे. वर्षभरात तिसऱ्या जागेवरची डिस्क तीन वेळा संचातून बाहेर पडली. पुरवठादाराने दोनदा डिस्क बदलली. आता तो म्हणतो, या कंपनीचा मालच खराब आहे, दुसऱ्या कंपनीच्या चारही डिस्क घ्या. संचालक मंडळाला काय सांगू?
— लिपिक, तासगाव

समाधान : संचालकांना सांगा की खरेदी थांबवा. तीन वेगवेगळ्या डिस्क एकाच जागी बसवल्यावर बंद पडत असतील, तर संशय आधी जागेवर घ्यायचा. त्या जागेवर कंट्रोलर कार्डाकडून येणारी केबल आहे, तिचा कनेक्टर आहे, एसएमपीएसकडून येणारी विजेची वायर आहे, आणि सरकत्या ट्रेचा सर्व्हर असेल तर मागे बॅकप्लेनची पाटी आहे. यातलं काहीही गेल्या वर्षभरात बदललेलं नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

हे सिद्ध करायची सोय डिस्कमध्येच असते. प्रत्येक साटा डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. स्मार्टमॉनटूल्स हा मोफत प्रोग्राम ती नोंद वाचून दाखवतो. डिस्क रेड कार्डाच्या मागे असेल तर प्रोग्रामला कार्डाचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक सांगावा लागतो. त्या लांबलचक तक्त्यातल्या तीनच ओळी आज पाहा. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकालाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. आणि क्रमांक १९९ म्हणजे डिस्क व कंट्रोलर यांच्यामध्ये डेटा जाता-येताना झालेल्या चुका.

५ किंवा १९७ चा आकडा वाढत असेल तर डिस्क खरोखर आजारी आहे, ती बदलाच. पण हे दोन्ही शून्यावर आणि १९९ मात्र वाढता असेल, तर तबकडी ठणठणीत आहे आणि डेटा वाटेतच बिघडतो आहे. दोष वायर, कनेक्टर, बॅकप्लेन किंवा कार्ड यांपैकी एकाचा. एक लक्षात ठेवा, १९९ चा आकडा केबल बदलल्यावर शून्य होत नाही. त्यामुळे आजचा आकडा कितीही मोठा असो, तो कागदावर लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. वाढ थांबली का, एवढंच महत्त्वाचं. पुरवठादाराकडे तुमच्या परत केलेल्या दोन डिस्क अजून असतील, तर त्यांचीही नोंद वाचून मागा. त्यांच्यातही ५ आणि १९७ कोरे निघाले, तर वाद तिथेच मिटतो.

आता प्रत्यक्ष काम. सर्वांत आधी सगळा डेटा दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्या. रेड ५ एकाच डिस्कची गैरहजेरी सोसतो. संच पुन्हा उभारताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात, आणि तुमच्या संस्थेने ही जोखीम वर्षात अनेकदा पत्करली आहे. संच पूर्ण आणि निरोगी दिसत असतानाच, मशीन बंद करून, केबल बदला. तुमच्यासारख्या यंत्रांत बहुधा कार्डापासून एक जाड कनेक्टर निघतो आणि त्याला चार शेपट्या असतात. एक शेपटी बिघडली तरी संपूर्ण केबलच नवी घ्यावी लागते. तिची किंमत डिस्कच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही.

नवी केबल बसवताना धातूची क्लिप असलेलीच घ्या आणि ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा. कॅबिनेटचं झाकण लावल्यावर ते कनेक्टरला दाबतंय का, हे हमखास पाहा. अरुंद कॅबिनेटमध्ये सरळ कनेक्टर झाकणाला टेकतो, वर्षभर तिरका दाबला जातो आणि आतला संपर्क सैल पडतो. तिथे काटकोनी कनेक्टर वापरावा. साटा केबल १ मीटरपेक्षा लांब असू नये, आणि कॅबिनेटच्या आत अर्धा मीटर पुरते. केबलला धारदार घडी घालू नका. प्लास्टिकच्या टायने डेटा आणि विजेच्या वायरी एकत्र करकचून आवळल्या की कॅबिनेट देखणं दिसतं, पण डेटाच्या वायरींतल्या बारीक जोड्या चेपल्या जातात. टाय सैल ठेवा, किंवा वेल्क्रोची पट्टी वापरा.

केबल बदलूनही आकडा वाढलाच, तर विजेची वायर एसएमपीएसच्या दुसऱ्या लाइनवर घ्या. त्यानंतर बॅकप्लेनचा संशय. तेवढ्यानेही थांबलं नाही तर पुरवठादाराला एकच प्रश्न विचारा, दिलेल्या डिस्क सर्व्हरसाठीच्या आहेत की घरगुती संगणकाच्या? घरगुती डिस्क एखादा खराब सेक्टर वाचण्यासाठी बराच वेळ धडपडत राहते, आणि तेवढ्यात रेड कार्ड तिला मृत समजून बाहेर काढतं. सर्व्हर किंवा नॅससाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करतात आणि पुढचं काम कार्डावर सोपवतात.

शंका : छापखान्यासाठी जुन्या कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची आठ डिस्क बसवल्या. कनेक्टर कमी पडले म्हणून स्प्लिटर लावले. सुरू करताना कधी एखादी डिस्क दिसत नाही, कधी मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं. एकदा लागलं की दिवसभर छान चालतं. एसएमपीएस ४५० वॉटचा आहे आणि मीटरवर वापर १२० वॉटच्या पुढे जात नाही. मग वीज कमी कशी पडेल?
— मुद्रक, सोलापूर

समाधान : सुरू होतानाच त्रास आणि नंतर सुरळीत, या एका लक्षणात निदान आहे. थांबलेल्या तबकड्या मिनिटाला ७२०० फेऱ्यांपर्यंत न्यायला मोटरला पहिले काही सेकंद भरपूर प्रवाह लागतो. साडेतीन इंची डिस्क तेवढ्या वेळात १२ व्होल्टच्या लाइनवरून २ अँपिअरच्या आसपास ओढते. एकदा फिरू लागली की तीच डिस्क ५ ते ८ वॉटवर भागवते. आठ डिस्क एकदम सुरू झाल्या तर १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॉट, फक्त डिस्कना लागले. प्रोसेसर आणि पंखे वेगळेच. हा झटका इतका थोडा वेळ असतो की साध्या मीटरवर तो नजरेस पडत नाही.

४५० हा आकडा सगळ्या लाइनींची मिळून बेरीज आहे. एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेला तक्ता वाचा. त्यात १२ व्होल्टच्या लाइनला किती अँपिअर दिले आहेत ते स्वतंत्र लिहिलेलं असतं. जुन्या बनावटीच्या एसएमपीएसमध्ये ताकदीचा मोठा हिस्सा ५ आणि ३.३ व्होल्टवर राखलेला असे, कारण त्या काळच्या मदरबोर्डांना तिथे गरज होती. आज डिस्कच्या मोटरी, प्रोसेसर, पंखे हे सगळे १२ व्होल्टवर आहेत.

पण मला तुमच्या पत्रातली दुसरी ओळ जास्त काळजीची वाटली. “कनेक्टर कमी पडले म्हणून स्प्लिटर लावले” असं तुम्ही ओघात लिहून गेला आहात. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १५ पिना असतात आणि १२ व्होल्टसाठी त्यांतल्या तीनच. एका पिनेची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे संपूर्ण कनेक्टरची साडेचार. त्यावर चार फाट्यांचा स्प्लिटर लावून चार डिस्क टांगल्या की सुरू होताना ८ अँपिअर त्याच तीन पिनांतून जातात. व्होल्टेज खाली येतं, सर्वांत लांबची डिस्क जागीच होत नाही, आणि कनेक्टर दर वेळी तापतो.

म्हणून फाटे काढायचेच असतील तर ते चार पिनांच्या मोठ्या मोलेक्स कनेक्टरपासून काढा; त्याच्या पिना जाड असतात आणि कितीतरी अधिक प्रवाह सोसतात. त्यातही ॲडाप्टर कोणता घ्यायचा हे डोळ्यांनी पाहून ठरवा. बाजारात स्वस्तात मिळणारा एक प्रकार वायरींवर प्लास्टिक ओतून बनवलेला असतो. आतल्या वायरी एकमेकींपासून किती अंतरावर आहेत हे बाहेरून कळत नाही. प्लास्टिक तापून मऊ झालं की त्या टेकतात आणि कनेक्टर पेट घेतो. अशा ॲडाप्टरनी मशीन जळाल्याची उदाहरणं जगभर नोंदली गेली आहेत. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक वायर कनेक्टरच्या मागून वेगवेगळी आत शिरताना दिसते. तोच घ्या, आणि पहिल्या प्रकारचे घरात असतील तेवढे कापून फेकून द्या, म्हणजे दुसरं कोणी वापरणार नाही. छापखान्यात कागद असतो, हे मी वेगळं सांगायला नको.

आठ डिस्क एसएमपीएसच्या निदान दोन, शक्यतो तीन स्वतंत्र लाइनींवर वाटा. तुमच्या कंट्रोलर कार्डाच्या सेटिंगमध्ये डिस्क एकामागून एक सुरू करण्याची सोय असेल, तर ती चालू करा. मशीन सुरू व्हायला थोडा वेळ अधिक लागेल, पण १६ अँपिअरचा झटका टळेल.

शंका : लग्नाच्या फोटोंसाठी जागा हवी म्हणून मोठी बाहेरची यूएसबी डिस्क घेतली, तिचं कवच उघडलं आणि आतली डिस्क सर्व्हरमध्ये लावली. ती फिरतच नाही. परत कवचात घातली की उत्तम चालते. डिस्क मुद्दाम कुलूपबंद केलेली असते का?
— छायाचित्रकार, नाशिक

समाधान : नाही, आणि डिस्क धडधाकट आहे. साटाच्या मानकात २०१६ साली ३.३ ही आवृत्ती आली. मोठ्या डेटा सेंटरना अडकलेली डिस्क दुरूनच बंद-चालू करता यावी, म्हणून विजेच्या कनेक्टरमधल्या तिसऱ्या पिनेला नवं काम दिलं गेलं. त्या पिनेवर व्होल्टेज आलं की डिस्कने बंद राहायचं. पूर्वी त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट येत असत, आणि जवळजवळ कोणतीच डिस्क ते वापरत नव्हती. तुमचा एसएमपीएस जुन्या पद्धतीने केशरी वायरीतून ३.३ व्होल्ट पाठवतो, आणि नवी डिस्क त्याचा अर्थ ‘बंद राहा’ असा घेते. यूएसबी कवचाच्या पाटीवर ही वायरच नसते, म्हणून तिथे डिस्क चालते.

उपाय दोन. चार पिनांच्या मोलेक्सपासून साटा करणारा ॲडाप्टर लावला की काम होतं, कारण मोलेक्समध्ये पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि दोन काळ्या एवढ्याच वायरी असतात, ३.३ व्होल्ट येतच नाहीत. ॲडाप्टर निवडताना सोलापूरच्या पत्राला दिलेलं उत्तर वाचा. किंवा डिस्कवरची तिसरी पिन मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असते त्या पिवळसर कॅप्टॉन टेपच्या बारीक पट्टीने झाका. डेटाच्या खाचेकडच्या टोकापासून मोजायला सुरुवात करा. टेप सुबक कापा आणि कनेक्टर एकदाच, सरळ आत घाला. वारंवार काढघाल केली तर ती गोळा होऊन शेजारच्या पिनांवर जाते. साधी चिकटपट्टी उष्णतेने सुटते, ती वापरू नका. सरकत्या ट्रेच्या सर्व्हरमध्ये मात्र टेपच लावावी लागेल, कारण तिथे वीज बॅकप्लेनमधून येते.

कवच उघडल्यावर हमी बहुधा संपते, हे घेतानाच हिशेबात धरा. आणि काही कवचांची पाटी डेटा सांकेतिक करून लिहिते. तो डेटा डिस्क बाहेर काढल्यावर वाचता येत नाही. म्हणून त्यावर आधीचे फोटो असतील तर ते कवचात असतानाच उतरवून घ्या.

शंका : लॅमिंग्टन रोडवरून जुन्या सॅस डिस्क स्वस्तात आणल्या. साटा केबल त्यांत बसत नाही. मधला प्लास्टिकचा भाग कापून चालेल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, डोंबिवली

समाधान : अजिबात कापू नका. तो मधला भाग मुद्दाम भरलेला असतो, कारण सॅस डिस्क साटा कंट्रोलरला कळतच नाही. उलट चालतं : सॅस कंट्रोलर साटा डिस्क आनंदाने चालवतो. तुम्हाला सॅसचं होस्ट बस अडॅप्टर कार्ड घ्यावं लागेल आणि सॅस डिस्कला बसणाऱ्या टोकांची केबल. त्या कार्डावर हवेचा झोत राहील असं पाहा. ती कार्डं सर्व्हरमधल्या जोरदार पंख्यांसमोर राहण्यासाठी बनवलेली असतात आणि घरगुती कॅबिनेटमध्ये हात लावता येणार नाही इतकी तापतात.

केबल घेताना ‘फॉरवर्ड’ आहे की ‘रिव्हर्स’ हे दुकानदाराला विचारा. एका बाजूला जाड कनेक्टर आणि दुसऱ्या बाजूला चार साटा टोकं अशा दोन्ही केबली दिसायला हुबेहूब असतात, पण आतली जोडणी वेगळी असते. कार्डाकडून चार डिस्ककडे जायचं तर फॉरवर्ड. मदरबोर्डच्या चार साटा पोर्टांकडून बॅकप्लेनकडे जायचं तर रिव्हर्स. चुकीची लावली तर काहीच दिसत नाही आणि माणूस चार डिस्कना दोष देत बसतो. तुमच्या डिस्क कार्डाला दिसूनही वापरता आल्या नाहीत, तर त्या मोठ्या साठवण यंत्रातून आलेल्या आणि ५२० बाइटच्या सेक्टरवर बेतलेल्या असू शकतात. लिनक्सवर त्या ५१२ वर पुन्हा फॉरमॅट करता येतात. वेळ भरपूर लागतो. मध्ये वीज जाणार नाही याची व्यवस्था करूनच बसा.

शंका : ग्रंथालयाच्या सर्व्हरमध्ये जागा कमी पडली म्हणून एक डिस्क कॅबिनेटच्या तळाशी फोमवर ठेवली आहे. बाकीच्यांना प्रत्येकी एकाच बाजूने स्क्रू आहेत, तेही सैल, कारण हाताशी होते तेच वापरले. दोन वर्षं चाललंय. समुद्र जवळ आहे. काही धोका?
— ग्रंथपाल, मालवण

समाधान : धोका आहे, आणि तो आजच दूर करता येण्याजोगा आहे. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचा ६-३२ चा स्क्रू लागतो. अडीच इंचीला बारीक आट्यांचा एम३. एम३ चा स्क्रू साडेतीन इंचीच्या भोकात शिरतो पण धरत नाही. तुमच्याकडे तेच झालं असावं. दुकानात डिस्कचा आकार सांगून स्क्रू मागा, दोन्ही बाजूंनी मिळून चार लावा, आणि हाताच्या जोरापुरतेच आवळा. लांब स्क्रू चालवून घेऊ नका, तो आतल्या भागाला लागतो.

घट्ट बसवण्याचं कारण कंपन. वाचणारं टोक अतिशय अरुंद पट्ट्यावर स्थिर राहायचं असतं आणि शेजारच्या डिस्कचा थरकाप त्याला हलवतो. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टीम्समधले अभियंते ब्रेंडन ग्रेग डिस्कच्या रॅकसमोर तोंड नेऊन जोरात ओरडले, आणि त्या क्षणी डिस्कची प्रतिसादाची गती मंदावलेली आलेखावर स्पष्ट दिसली. नुसत्या आवाजाने जर असं होत असेल, तर सैल स्क्रूवर रात्रंदिवस थरथरणाऱ्या डिस्कचं काय होत असेल याचा विचार करा.

फोमवरची डिस्क तर सर्वांत आधी उचला. डिस्कची उष्णता तिच्या धातूच्या अंगातून कॅबिनेटच्या चौकटीत उतरते. फोम ती कोंडतो. उत्पादक ६० अंशांपर्यंत चालेल असं लिहितात, पण मी ४५ च्या वर जाऊ देत नाही. डिस्कच्या अंगावर एक बारीक छिद्र असतं आणि ‘झाकू नका’ अशी सूचना असते. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहण्यासाठी ते आहे. हेलियम भरलेल्या डिस्कना ते नसतं. बाकीच्यांचं छिद्र फोमने, स्टिकरने किंवा टायने बंद होता कामा नये.

समुद्राच्या हवेत कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात. पावसाळ्यानंतर मशीन बंद करून, प्लग काढून, सगळे कनेक्टर एकदा काढून पुन्हा घट्ट बसवा. पिनेवर थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरा. पॉलिश पेपर कधीही नको, त्याने सोन्याचा मुलामा निघून जातो. आणि वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेली, किंवा बाहेरून आणलेली, डिस्क लगेच सुरू करू नका. पिशवीतच काही तास राहू द्या, म्हणजे तिच्यावर दव धरणार नाही.

शंका : आठपैकी एक डिस्क खराब असल्याचा संदेश आला आहे. बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात. कोणती काढायची?
— रुग्णालयाचा माहिती विभाग, ठाणे

समाधान : खात्री होईपर्यंत कोणतीही नाही. लिनक्स दाखवतं ती एसडीए, एसडीबी ही नावं प्रत्येक वेळी मशीन सुरू होताना बदलू शकतात, त्यांवर विसंबू नका. संदेशातल्या डिस्कचा अनुक्रमांक काढा आणि तोच डिस्कच्या स्टिकरवर शोधा. ट्रेच्या सर्व्हरमध्ये कार्डाच्या प्रोग्राममधून त्या जागेचा दिवा लुकलुकवता येतो. तेही नसेल तर मोठी फाइल वाचायला लावा. निरोगी डिस्कचे दिवे चमकतील, आजारी अंधारात राहील. हा पुरावा मात्र अनुक्रमांकाला पर्याय नाही. चालू मशीनमधून काढताना ट्रे बोटभर ओढून अर्धा मिनिट थांबा, तबकड्या थांबू द्या, मग पूर्ण बाहेर काढा. आणि नवी डिस्क बसवण्याआधी तिच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक ट्रेच्या दर्शनी बाजूला लिहून चिकटवा. उरलेल्या सातांचंही पुढच्या नियोजित बंदच्या वेळी करून घ्या.

पुढच्या अंकासाठी पत्र लिहिताना डिस्कचा पूर्ण मॉडेल क्रमांक, एसएमपीएसच्या तक्त्याचा स्पष्ट फोटो, झाकण उघडून काढलेला वायरींचा फोटो आणि स्मार्ट नोंदीतले ५, १९७ व १९९ चे आकडे जरूर जोडा. ही माहिती नसल्यामुळे काही पत्रं या वेळी बाजूला ठेवावी लागली. त्या वाचकांनी कृपया पुन्हा लिहावं.